आपोआप बंद होणारे नळ

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून ज्या संपादकांनी माझ्यामागे टुमणं लावलं, त्यांच्या घरचं सिंक मीच बसवलेलं आहे. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांचं म्हणणं असं की, आपल्या पिंपरी-चिंचवडात, मोशीत, चाकणच्या बाजूला एवढी माणसं पहिल्यांदा स्वतःचं घर घेतात, त्यांना नळाबिळाचं थोडं ज्ञान द्या. मी म्हटलं, देतो. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. सांगायला बसलो की मी वाहवत जातो, आणि अलीकडे वाहवत जाऊन एकाच घरापाशी येऊन थांबतो. म्हणून उपयोगाचं आधी सांगून टाकतो. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी मधेच अंक मिटून फराळाला लागावं, मला राग येणार नाही.

मी प्लंबर. इंद्रायणीकाठचं आमचं गाव, आता शहरात जमा झालेलं. शेतं गेली, तिथे इमारती आल्या, आणि माझे भाऊबंद जमिनीच्या व्यवहारात शिरून गाड्या फिरवायला लागले. मला ती भाषा कधी जमली नाही. मी पाना धरला तो गुडघे थकेपर्यंत सोडला नाही. सुरुवात केली तेव्हा लोखंडी पाइप असायचे. आट्यांवर सुतळी गुंडाळायची, वर सफेदा, म्हणजे सांध्याचा पांढरा लेप, चोपडायचा आणि अंगातली सगळी ताकद लावून पिळायचं. तो सांधा पुढे इमारत पडली तरी सुटत नसे. आता सगळं प्लास्टिक. हलकं, स्वच्छ, गंजत नाही, चांगलंच आहे. पण त्याला ताकद नको असते, बेतानं घ्यायचं असतं, आणि ते माझ्या पिढीला उशिरा कळलं.

तर पहिली गोष्ट. घराची किल्ली हातात देताना बिल्डरचा माणूस तुम्हाला जिम दाखवतो, बाग दाखवतो, पोरांची घसरगुंडी दाखवतो. घराचं पाणी कुठून बंद करायचं ते दाखवत नाही, आणि आपणही हरखलेले असतो, विचारत नाही. विचारा. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून मोटरीनं गच्चीवरच्या टाकीत चढतं, आणि गच्चीवरून इमारतीच्या पोटातल्या उभ्या बोळातून, ज्याला आम्ही डक्ट म्हणतो, पाइपांनी एकेका घरात उतरतं. घरात शिरतं तिथे एक मेन कॉक असतो. कधी बाथरूमच्या दाराच्या वर, कधी स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली. तो शोधा, महिन्यातून एकदा उघडझाप करा म्हणजे जाम होणार नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी पाहुण्यालासुद्धा, दाखवून ठेवा. फर्निचरवाल्याला त्याच्यावर फळी ठोकू देऊ नका. ठोकायची असेलच तर तिला छोटं दार करायला लावा. फर्निचरवाला तोंड वाकडं करतो, ते करू द्यावं.

दुसरी गोष्ट, पिळू नका. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला असलेले एक गृहस्थ होते. कंपनीत हत्तीएवढ्या मशीनची पाइपलाइन हा माणूस डोळे मिटून खोलायचा आणि जोडायचा. घरी बेसिनखालचा कॉक थेंब-थेंब गळायला लागला, तर त्यासाठी प्लंबर बोलवायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटला. कंपनीतल्यासारखा हातभर लांब पाना आणला आणि घातला जोर. गळणं थांबलं. दोन दिवसांनी भिंतीतला प्लास्टिकचा कोपरा तडकला आणि शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. मी टाइल फोडत होतो तेव्हा बिचारे खाली फरशीवर बसून होते. म्हणत होते, काका, कंपनीत असं कधी झालं नाही हो. मी म्हटलं, साहेब, मीही असे कोपरे फोडलेत, लोखंडाची सवय हातातून जायला वेळ लागतो. तेव्हा पांढरी टेप आट्यांच्याच दिशेनं गुंडाळायची, हातानं घट्ट करायचं, पान्यानं वरून थोडंसंच. तरीही गळलं तर खोलून पुन्हा टेप लावायची. जोर वाढवायचा नाही.

तिसरी गोष्ट वासाची. माझ्या मुलीचा फ्लॅट आहे वाकडला. पाहुण्यांच्या बाथरूममधून गटाराचा वास येतो म्हणाली. मी मुलीच्या घरचं काम म्हणून जास्तच मन लावून केलं. कमोड हलवून बघितला, डक्टमध्ये उतरलो, वरच्या मजल्यावरच्यांशी भांडून आलो. जेवायची वेळ झाली तरी वास तिथेच. शेवटी माझ्या विहीणबाई, ज्यांना प्लंबिंगचं काही कळत नाही, त्यांनी फरशी पुसलेलं बादलीभर पाणी त्या मोरीत ओतलं आणि वास गेला. झालं होतं असं की मोरीच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो. त्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं, आणि ते पाणीच गटाराचा वास अडवतं. बाथरूम वापरात नसलं की ते आटतं. हे मी शेकडो लोकांना सांगितलेलं आहे आणि स्वतःच्या मुलीच्या घरी विसरलो. अजून विहीणबाई मला त्यावरून चिडवतात. तेव्हा बंद बाथरूममध्ये आठवड्याला एक तांब्या पाणी टाकत जा.

आता चौथी आणि शेवटची गोष्ट, आणि इथेच मी घसरतो. नव्या इमारतीत स्वयंपाकघराच्या फरशीला मोरी नसते. हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. जुन्या खोल्यांत चुलीपासून दोन पावलांवर मोरी असायची, सांडलं ते तिकडे जायचं. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पाणी जायला एकच वाट, सिंकचं भोक. ते बंद झालं की पाणी ओट्यावरून खाली येतं, हॉलमध्ये जातं, बेडरूममध्ये जातं आणि मग खालच्या माणसाच्या डोक्यावर. हे मला जिच्या घरी फार जवळून बघायला मिळालं ती सुभद्रामावशी.

मावशी म्हणायचो खरं, पण माझ्याहून फार मोठी नसेल. मराठवाड्यातून लग्न होऊन पिंपरीत आलेली. नवरा कंपनीत होता, तो वारला. संत तुकाराम नगरच्या बाजूला एका लायनीत, म्हणजे बैठ्या खोल्यांच्या ओळीत, तिनं जवळजवळ सगळा संसार केला, आणि माझी तिची ओळखही तिथलीच. एकुलता एक मुलगा मिलिंद, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. सून प्रज्ञा एका लॅबमध्ये नोकरीला. दोघांनी मोशीकडे फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन राहायला आले. दारात मला बघितलं की मावशी आधी जयभीम म्हणायची, मग भाऊ, चहा टाकते, आणि चहा नको म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

गिऱ्हाईक म्हणून ती माझी फार लाडकी, कारण तिला पाण्याचं कळायचं. लायनीत सार्वजनिक नळ गळायला लागला की महापालिकेचा माणूस येईपर्यंत कोण थांबणार. मावशी सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून त्याचं वायसर करायची आणि स्वतः नळ खोलून बसवायची. नवऱ्याचा एक पाना तिनं जपून ठेवला होता. नव्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं विचारलं, भाऊ, ह्या घराचा मेन कॉक कुठं हाय? मी ओट्याखालचं कपाट उघडलं तर मागे फर्निचरवाल्यानं गुळगुळीत फळी ठोकलेली. कॉक तिच्यामागे. मिलिंदला म्हटलं, इथे दार करून घे. तो म्हणाला, करतो काका, आताच काम संपलंय, जरा दम खाऊ द्या. सगळेच असं म्हणतात, त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नवं घर होतं, त्यावर करवत चालवायला कुणाचा जीव धजेल.

आता लायनीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नळाला पाणी यायची वेळ असते, पण ती वेळ पाणी पाळतंच असं नाही. कधी लवकर येतं, कधी दुपार होते. सगळा दिवस नळाकडे बघत कोण बसणार? म्हणून बाया नळ पूर्ण सोडून ठेवतात आणि खाली रिकामा हंडा. पाणी आलं की हंड्यात आवाज होतो. त्या आवाजाला हातातलं काम टाकून सगळी लाईन उठते. हंडा भरून वाहिला तरी पाणी मोरीत जातं, कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या आईनंही हेच केलं. ही काही निष्काळजीपणाची गोष्ट नाही. ज्यांना पाण्याची वाट बघावी लागते त्यांचं ते घड्याळच आहे.

त्या दिवशी सोसायटीच्या टाक्या धुवायच्या होत्या. सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होती आणि मावशी त्या ग्रुपवर नव्हती. मिलिंद ओव्हरटाइमला गेलेला, प्रज्ञा लॅबमध्ये. मावशीनं नळ सोडला तर कोरडा. तिच्या हातानं जे आयुष्यभर केलं तेच केलं. नळ सोडून ठेवला, खाली सिंकमध्ये हंडा ठेवला. एवढ्यात लायनीतली जुनी शेजारीण दवाखान्यात असल्याचा फोन आला. मावशीनं घाईघाईनं लुगडं बदललं, दाराला कुलूप घातलं आणि बस धरली.

हंडा नेमका सिंकच्या जाळीवर बसला होता. टाकी भरली, पाणी सुटलं, हंडा भरला, सिंक भरलं, आणि पाण्याला पुढे वाट नव्हती.

मी शेजारच्या इमारतीत कामावर होतो, तिथे वॉचमन धावत आला. बघतो तर कुलूप लावलेल्या दाराखालून पाणी जिन्यावर उतरतंय. गच्चीवर गेलो. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या कॉकांची रांग, एकावरही कुठल्या घराचा ते लिहिलेलं नाही. मी एकेक बंद करत गेलो आणि खालून वेगवेगळ्या मजल्यांवरून ओरडा सुरू झाला. एक गृहस्थ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत लिफ्टपर्यंत आले होते म्हणे. शेवटी कंटाळून टाकीचंच तोंड बंद केलं. प्रज्ञा रिक्षानं आली, तिनं दार उघडलं. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी, त्यात चपला तरंगतायत, पीठ सांडून लापशी झालेली. खालच्या घरात हॉलचं छत, ते शोभेचं पांढरं छत असतं ना, ते भिजून सोफ्यावर आलं होतं. त्यांची काही दिवसांपूर्वीच वास्तुशांत झाली होती.

आम्ही सगळे वायपर मारत होतो तेव्हा मावशी परतली. दारात ओल बघून तिनं चपला हातात घेतल्या आणि आत आली. कुणी काही सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "पाणी कधी आलं?"

प्रज्ञानं मान फिरवली. मला तेव्हा हसूही आलं आणि गलबलूनही आलं. चाळीस वर्षं ह्या बाईनं घरात शिरताना हाच प्रश्न विचारला असणार. मग तिची नजर सिंककडे गेली, हंड्याकडे गेली, आणि ती ओट्याला टेकली.

मिलिंद संध्याकाळी आला. त्याच्याबद्दल मला हे आवर्जून सांगायचंय की तो आईला एक शब्द बोलला नाही. खाली जाऊन त्या लोकांपुढे हात जोडले, माझ्या निष्काळजीपणानं झालं म्हणाला, त्यांचं छत करून द्यायचं कबूल केलं. वर येऊन आईला म्हणाला, होतं असं, तू जेवलीस का? अशी पोरं मी फार पाहिलेली नाहीत. दुसऱ्या घरात त्या दिवशी काय काय ऐकायला मिळालं असतं ते मी सांगू शकतो, कारण मी ते दुसऱ्यांच्या घरात ओट्याखाली बसून ऐकलेलं आहे.

त्याच आठवड्यात त्यानं मला बोलावलं. टेबलावर नवे नळ मांडून ठेवले होते. कंपन्यांच्या, मॉलच्या बाथरूममध्ये असतात तसे, वरून दाबायचे. आत स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. दाबलं की पाणी येतं, आणि हात काढला की थोड्या वेळानं दट्ट्या वर येऊन पाणी आपोआप बंद. जिथे हजार माणसं हात धुतात आणि कुणालाच नळ बंद करायची पर्वा नसते, तिथे ही फार चांगली वस्तू आहे. मिलिंदला ते घरभर हवे होते. स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम, बेसिन, सगळीकडे.

मी म्हटलं, अरे, घरात कुणी लावतं का हे? त्यावर त्यानं मला शांतपणे समजावलं. "काका, आमच्याकडे पार्ट उलटा बसला तर ऑपरेटरला ओरडत नाहीत. पार्टच असा करतात की तो उलटा बसूच शकत नाही. त्याला पोका-योके म्हणतात. चूक माणसाची नसते, सिस्टिमची असते. मला आईला बोलायचं नाहीये. तिच्याकडून परत असं होऊच नये, एवढंच करायचंय."

खरं सांगतो, मला त्याचं कौतुक वाटलं. चाकणला घासून आलेल्या ह्या पोरांचं डोकं सरळ चालतं. कुणाला दोष नाही, आरडाओरडा नाही, बिघडलेलं दुरुस्त करायचं. मी कामाला लागलो.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. एरवी ती शेजारी येऊन बसायची, हे काय, ते कशाला, असं विचारत राहायची. त्या दिवशी फक्त एकदा पुढे आली आणि नव्या नळावर हात ठेवून दाबलं. तिच्या बोटांची पेरं सांधेदुखीनं सुजलेली, त्यामुळे तळहातानं जोर द्यावा लागला. पाणी आलं, थांबलं. तिनं परत दाबलं. आलं, थांबलं. ह्यानं हंडा भरायचा कसा, असं तिनं मला विचारलं. मिलिंदच बाहेरून म्हणाला, आई, हंडा आता कशाला भरायचा, फिल्टर आहे ना. ती बरं म्हणाली आणि देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बुद्धांच्या मूर्तीपुढची मेणबत्ती उगाच सरळ करत बसली.

ते 'बरं' मला बरं वाटलं नव्हतं. पण कामाला आलेल्या माणसानं घरच्यांच्या मधे पडायचं नाही हे मी आयुष्यभर पाळलं. बहुतेक वेळा ते योग्यच असतं. काढलेले जुने नळ पिशवीत भरून मी घरी आलो.

पुढे पावसाळा गेला. एक दिवस प्रज्ञाचा फोन आला. म्हणाली, काका, आई नळाला हात लावत नाहीत. आधी आमच्या लक्षातच आलं नाही. प्यायला पाणी हवं असलं की हाक मारतात, बेटा, पाणी देतेस का? हात धुवायचे असले तरी कुणीतरी बेसिनपाशी येईपर्यंत थांबून राहतात. आम्ही दोघं कामावर असलो की तांब्यात भरून ठेवलेलं पुरवून पुरवून वापरतात. मिलिंदला वाटलं विसरायला लागल्या, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा तल्लख आहे. घरी आल्यावर मिलिंद रात्रभर झोपला नाही. तुम्ही जुना नळ लावून द्याल का?

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. चांगला फिरवायचा नळ घेऊन गेलो, पितळेचा, जड, सुजलेल्या बोटांनाही सहज फिरेल असा. मिलिंदनं रजा टाकली होती. ओट्याखालच्या फळीला त्यानं स्वतः दार कापलं होतं, थोडं वाकडंच, पण कापलं होतं. आत मेन कॉकला कंपनीत असते तशी पिवळी पट्टी बांधलेली. मी नळ बसवत होतो तेव्हा तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच बोलला.

"काका, पोका-योके करायच्या आधी त्या मशीनवरच्या माणसाला विचारायचं असतं. पहिला नियम आहे तो. नवीन पोरांना मी स्वतः शिकवतो. आणि आईला मी विचारलंच नाही."

माझंही तेच झालं होतं. त्या घरात पाण्याचं सगळ्यात जास्त कळणाऱ्या माणसाला आम्ही दोघांनी दारात उभं करून ठेवलं होतं.

नळ बसला. मिलिंदनं तो उघडून बंद करून बघितला आणि हॉलमध्ये बसलेल्या आईला हाक मारली, आई, ये ना, बघ, तुझा नळ लागला. मावशी दिवाणावरून हलली नाही. लागला का, बरं झालं, म्हणाली आणि मला शेजारी बसायला सांगितलं. मी पाना खाली ठेवून बसलो. मला वाटलं चहाचं विचारेल. तर तिनं कधी न काढलेला विषय काढला, तिच्या माहेरचा.

तिच्या गावाला एक विहीर होती. हिला आणि हिच्या आईला काठावर चढायची मुभा नव्हती. खाली घागरी मांडून बसायचं. वर कुणी पाणी ओढायला आलं आणि त्यांच्या मनात आलं तर वरून ओतायचे. नाही आलं तर बसून राहायचं. तहान लागली तर ओंजळ धरायची. हे सगळं ती अगदी सरळ आवाजात सांगत होती, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. लग्न होऊन पिंपरीला आली, आणि पहिल्याच सकाळी नवरा तिला लायनीतल्या नळापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, सोड. ती बाजूला बघत राहिली, कोण काय म्हणतंय का. रांगेत सगळ्या जातींच्या बाया होत्या. कुणी काही म्हटलं नाही. तिनं स्वतःच्या हातानं नळ सोडला.

मी मान वर करू शकलो नाही. आमच्या गावातही विहीर होती, आणि वरून ओतणारे हात आमच्याच घरातले होते. मावशीला ते माहीत असणार. माझं गाव तिला माहीत होतं, आडनाव माहीत होतं, आणि तरी इतकी वर्षं तिनं मला चहा पाजला होता.

मिलिंद कधीतरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं. आईबापांनी त्याला ते कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्या वाट्याला ते येऊ नये म्हणूनच तर ती दोघं त्या लायनीत राहिली होती.

मी म्हटलं, मावशी, उठा, झालं गेलं विसरा, एकदा तो नळ सोडून बघा तरी.

"आता नको भाऊ," ती म्हणाली. "मागून घ्यायची सवय मोडायला मला अर्धं आयुष्य लागलं. परत लागायला काईच वेळ लागला न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, कुणाला टोचायचं नव्हतं. असता तर मला जरा सोपं गेलं असतं. मग ती मिलिंदकडे वळली आणि पाणी दे बाबा, म्हणाली.

तो आत गेला. नव्या नळाचा आवाज मला बाहेर ऐकू आला. तांब्या भरून तो आला आणि आईपुढे धरला. मावशीनं तांब्या घेतला नाही. खाली बघत तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाशी धरून वाट बघत राहिली. मिलिंदनं तांब्या तिरका केला आणि मधेच थांबला. ओतावं की ओतू नये, ते त्याला कळेना.